बालचित्रे आणि गोष्टीचे पान

ग्रामीण मुलांसाठी चित्रकलेची शिबिरे भरवावीत आणि त्यांच्याच चित्रांनी गोष्टींची पुस्तके सजवावीत, असा विचार अलीकडे वारंवार मांडला जातो. विचार स्वागतार्ह आहे. मात्र ‘सजवावीत’ या शब्दापाशीच माझा मतभेद सुरू होतो.

आपणा बेळगावकरांची चित्रदृष्टी के. बी. कुलकर्णी यांच्या चित्रमंदिराने घडवली. रेखाटनाची शिस्त आणि छायाप्रकाशाचा अभ्यास आपण तेथून घेतला. रवी परांजपे यांच्यासारखा बोधचित्रकार याच परंपरेतला. तिचा अभिमान रास्तच आहे. परंतु त्याच नजरेने नऊ वर्षांच्या मुलाचे चित्र पाहिले की ते कच्चे वाटते, आणि मार्गदर्शकाचा हात नकळत त्यावरून फिरतो. शिबिरातील निम्मी चित्रे तेथेच मरतात.

शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये कलाशिक्षक म्हणून सेवाग्रामला आले. खेड्यातील मुलांसमवेत केलेल्या त्या कामाचे चिंतन त्यांच्या ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ या ग्रंथात आहे. मोठ्यांच्या चित्रांची नक्कल करायला लावणे हे त्यांच्या लेखी शिक्षणच नव्हते. भोपाळहून १९८५ पासून निघणाऱ्या ‘चकमक’ या हिंदी मासिकानेही मुलांच्या चित्रांना सातत्याने जागा दिली. तथापि मासिकातील सुटे चित्र आणि गोष्टीचे पान यांत अंतर आहे. गोष्टीतले चित्र मजकुरात नसलेले काही सांगू शकले, तरच त्याला तेथे बसण्याचा अधिकार.

आपल्याच भागाकडे पाहू. ‘आजी गोष्ट सांगू लागली’ एवढेच वाक्य असेल, तर शहरी चित्रकार समईच्या उजेडात निवांत बसलेली आजी काढील. निपाणीकडच्या बिडी वळणाऱ्या घरातील मुलीची आजी तशी रिकामी बसणार नाही. तिच्या मांडीवर सूप असेल, सुपात पाने नि तंबाखू असेल, आणि बोलता बोलता तिची बोटे चालत असतील. हे चित्र आले की संपादकाने वाक्याला पुन्हा हात घालावा, चित्राला नव्हे. अशी तयारी असलेले संपादक मला फार आढळले नाहीत.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. १९५६ पासून आपण भाषेच्या प्रश्नावर झुंजत आलो, आणि ते योग्यच होते. पण एकाच गल्लीतील मराठी व कानडी शाळांतल्या मुलांनी काढलेल्या चित्रांवर दोन्ही भाषांत पुस्तक निघाले, तर त्यात मराठीचे काय उणे होणार? उलट पलीकडच्या घरात आपली आजी पोहोचेल.

राहता राहिला श्रेयाचा प्रश्न. मुखपृष्ठ व्यावसायिक चित्रकाराचे आणि मुलांची नावे शेवटच्या पानावर बारीक टाइपात, ही रीत मला खटकते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात चित्राचा कर्ता ठरण्यास वयाची अट नाही. नाव मुखपृष्ठावर असावे, पालकांची लेखी संमती घ्यावी, मानधन द्यावे, आणि मूळ चित्र मुलाला परत करावे. शिबिरे भरवणाऱ्यांनी अंदाजपत्रकात रंग-कागदांच्या खर्चाशेजारी हा खर्च आधीच मांडून ठेवावा.