रुग्णालयीन कर्करोग नोंदणीतील माहितीची पूर्णता : एक चिकित्सा

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा रुग्णालयाधिष्ठित नोंदींवरील अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१२ ते २०१९ या कालावधीत देशातील ९६ रुग्णालयांत १३,३२,२०७ कर्करुग्णांची नोंद झाली. परंतु माहितीची गुणवत्ता व पूर्णता या निकषांवर त्यांपैकी ६,१०,०८४ नोंदीच विश्लेषणास घेण्यात आल्या. म्हणजे ७,२२,१२३ नोंदी, निम्म्याहून अधिक, बाजूला राहिल्या. ही बाब अहवालाने लपविलेली नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय. मात्र ज्या निकषाने एवढी मोठी गाळणी लावली, तो निकष स्वतः तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

'पूर्णता' हा शब्द येथे दोन अर्थांनी वावरतो. लोकसंख्याधिष्ठित नोंदणीत विशिष्ट भूभागातील प्रत्येक नवा रुग्ण टिपला गेला काय, हा प्रश्न असतो. तेथे केवळ मृत्युदाखल्यावरून कळलेल्या रुग्णांचे प्रमाण किंवा मृत्यू व नवरुग्ण यांचे गुणोत्तर ही परिमाणे उपयोगी पडतात. रुग्णालयीन नोंदणीस असा भूभागच नसतो. तेथे पूर्णता म्हणजे एकीकडे रुग्णालयात आलेला प्रत्येक कर्करुग्ण नोंदीत आला काय, आणि दुसरीकडे त्याच्या नोंदीतील सर्व रकाने भरले काय. बहुतेक मूल्यमापन या दुसऱ्या प्रश्नापाशीच थांबते, कारण तो मोजणे सोपे.

तथापि भरलेला रकाना म्हणजे माहिती नव्हे. रोगाच्या अवस्थेपुढे 'अज्ञात' हा संकेतांक लिहिला की संगणक ती नोंद स्वीकारतो. नोंदणी कर्मचारी केसपेपरावर जे लिहिलेले असते तेवढेच उतरवू शकतो. वैद्यकाने अवस्था लिहिलीच नसेल तर दोष नोंदणीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. सूक्ष्मदर्शी निदानाच्या प्रमाणाचेही तसेच. ते शंभराच्या जवळ गेले की समाधान व्यक्त केले जाते. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच असू शकतो, की नोंदी विकृतिशास्त्र विभागाच्या वहीवरून घेतल्या आणि ऊतक-परीक्षणापर्यंत न पोहोचलेले रुग्ण निसटले. २००९ मध्ये पार्किन व ब्रे यांनी नोंदणीच्या गुणवत्तेवर लिहिलेल्या लेखद्वयात पूर्णता व यथार्थता यांचा विचार स्वतंत्रपणे केला आहे. हा भेद आपल्याकडे पुरेसा रुजलेला दिसत नाही.

अपूर्ण नोंदी यदृच्छेने अपूर्ण राहत नाहीत, हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. एकदा बाह्यरुग्ण विभागात दाखवून गावी परतलेला, उपचार अर्धवट सोडलेला, दुसऱ्या रुग्णालयात गेलेला रुग्णच बहुधा अपुऱ्या नोंदीचा धनी असतो. अशा नोंदी गाळल्या की तक्ते स्वच्छ होतात. परंतु त्यांत उरतो तो उपचार पूर्ण करू शकलेला रुग्ण. अशा तक्त्यांवरून उपचारपूर्तीचे प्रमाण काढणे म्हणजे उत्तीर्णांनाच बोलावून निकाल लावण्यासारखे आहे.

एक उदाहरण बोलके आहे. विश्लेषित ६,१०,०८४ नोंदींत पुरुष ३,१९,०९८ व स्त्रिया २,९०,९८६ आहेत. याच कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात मात्र त्या वर्षीच्या अंदाजित नवरुग्णांत पुरुष ६,७९,४२१ आणि स्त्रिया ७,१२,७५८ आहेत. दोन्ही आकड्यांची जात वेगळी, हे मान्यच. तरीही स्त्रियांचा वाटा उलटा का व्हावा? त्या रुग्णालयापर्यंत कमी पोहोचतात, सहभागी रुग्णालयांचे स्वरूप तसे आहे, की त्यांच्या नोंदी अधिक गाळल्या गेल्या? केवळ गाळीव नोंदींवरून याचा निवाडा होऊ शकत नाही.

बार्शी येथील ग्रामीण नोंदणी १९८७ पासून गावोगावी जाऊन रुग्णांचा शोध घेत आली. रुग्णालयाची वही जेथे संपते तेथून तिचे काम सुरू होते. रुग्णालयीन नोंदणीकडून तशी अपेक्षा करता येत नाही. परंतु वगळलेल्या नोंदींतही वय, लिंग, निवासाचा जिल्हा व रोगस्थान बहुधा उपलब्ध असते. तेवढ्यावरून घेतलेल्या व गाळलेल्या रुग्णांची तुलना करणारा तक्ता, आणि रुग्णालयनिहाय, रकानेनिहाय 'अज्ञात' चे प्रमाण, प्रत्येक अहवालाच्या पहिल्याच प्रकरणात असावयास हवे.