मापाची रायफल, साच्याची रायफल

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती गाळली आहे, ओघ तसाच ठेवला आहे.)

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं, "शिकारीची रायफल कारागिरानं हातानं बनवलेली चांगली, की कारखान्यातली?" मी तेव्हा घाईत म्हणालो, "अर्थातच हातची." घरी जाऊन विचार केला, पुस्तकं पुन्हा काढली, आणि लक्षात आलं की आपण ठोकून दिलं. तर आजचं व्याख्यान म्हणजे ती चूक दुरुस्त करणं आहे असं समजा.

सुरुवात एका अगदी वाईट बंदुकीपासून करतो. 1907 साल, कुमाऊंमधलं चंपावत. जिम कॉर्बेट आपल्याकडे मराठीतूनही भरपूर वाचला गेलाय, तेव्हा प्रसंग अनेकांना आठवत असेल. नरभक्षक वाघीण जखमी होऊन समोर आहे आणि कॉर्बेटच्या रायफलीतल्या गोळ्या संपल्यात. तो धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेतो. वाघिणीजवळ पोचल्यावर ती नीट बघतो, तर नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यामध्ये फट! इंचाच्या तीन अष्टमांश, म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर. वीसेक फुटांवरून त्यानं वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला आणि गोळी लागली पंजाला. ती आधीच संपत आली होती म्हणून निभावलं.

ही फट लक्षात ठेवा. काडतूस नळीत बसल्यावर त्याच्या मागे किती जागा उरते, यावर बंदुकीचं निम्मं आयुष्य आणि धरणाऱ्याचं तोंड अवलंबून असतं. पूर्वी ही जागा जुळवायची म्हणजे कानस घेऊन बसायचं, काजळी लावून कुठे घासतंय ते बघायचं, पुन्हा कानस. हातच्या कामाची सगळी प्रतिष्ठा अशा ठिकाणी जन्माला आली. ती खोटी नाही.

आता दुसरी रायफल. त्या वाघिणीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेटला एक रायफल भेट दिली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, पॉइंट 275. दस्त्यावर चांदीची पट्टी, तिच्यावर मजकूर. शिकारीवर लिहिणारे लोक या रायफलीबद्दल लिहितात तेव्हा सूर असा लागतो, की बघा, लंडनच्या कारागिराचा हात! हा सूर मला खटकतो, आणि का ते सांगतो.

या रायफलीचा गाभा, म्हणजे बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो पोलादी सांगाडा, माउझरचा आहे. जर्मनीतल्या ओबेर्नडॉर्फच्या कारखान्यातला. ज्या कारखान्यातून सैन्यासाठी लाखांनी रायफली निघाल्या, तिथला. पॉइंट 275 रिग्बी हे काडतूससुद्धा 7 बाय 57 माउझर या लष्करी काडतुसाचंच इंग्रजी नाव. रिग्बीनं नळी बसवली, दस्ता केला, माशी लावली, घासूनपुसून सुंदर केली. आणि माप म्हणाल तर कॉर्बेट काही लंडनला माप द्यायला गेला नव्हता. तो तेव्हा मोकामा घाटावर रेल्वेचा माल उतरवून घेत होता. म्हणजे आपण जिला 'हातची' म्हणून मिरवतो ती निम्मी कारखान्याची, आणि शिवाय रेडिमेड. (हशा)

तरीही ती उत्तम रायफल होती, यात वाद नाही. 1930 साली चौगडची वाघीण मारली तेव्हा कॉर्बेटच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती. उजव्या एका हातानं त्यानं ही रायफल हळूहळू फिरवली आणि गोळी झाडली. ते जमलं कारण ती हलकी होती. त्याच्याकडची पॉइंट 450/400 ची जड दुनळी तशी एका हातानं फिरली असती का? मला शंका आहे.

मग खरं हातचं काम कुठे आहे? दुनळीत आहे. शेजारी शेजारी दोन नळ्या, दोघींनी एकाच ठिकाणी गोळी मारायची. नळ्या अगदी समांतर ठेवून चालत नाही, कारण झाडताना प्रत्येक नळी आपापल्या बाजूला झटका खाते. म्हणून कारागीर त्या जोडतो, मैदानावर जाऊन झाडतो, कागद बघतो, डाक वितळवून मधली पाचर किंचित सरकवतो, पुन्हा जोडतो, पुन्हा झाडतो. दिवसच्या दिवस. बिघडलेला रेडिओ कानानं जुळवणारा माणूस पाहिलाय ना, तसं. आपल्या संस्थानिकांनी लंडनला पैसा ओतला तो मुख्यतः या दुनळ्यांसाठी. सोन्याची वेलबुट्टी वरून. आजही तशी नवी दुनळी घ्यायची तर पुण्यात बऱ्यापैकी फ्लॅट येईल एवढी किंमत पडते.

पण यातली गोम कोणी सांगत नाही. ही जुळणी एकाच काडतुसासाठी आणि ठरावीक अंतरासाठी असते. काडतूस बदललं की दोन नळ्यांचं भांडण सुरू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात पॉइंट 450 बोअरवर बंदी घातली. कारण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींची गोळी त्याच मापाची, ती बंडखोरांच्या हाती जाईल ही भीती. बंदूकवाल्यांना मग 465, 470 अशी नवी मापं काढावी लागली. पुढे 1960 च्या दशकात किनॉकनं ही मोठी काडतुसं बनवणं थांबवलं, तेव्हा कितीतरी राजेशाही दुनळ्या नुसत्या शोभेच्या झाल्या. कारागीर कितीही थोर असो, त्याची रायफल काडतुसाच्या कारखान्यावर टांगलेली असते.

याच्या उलट केनेथ अँडरसन. बंगळूरचा. त्याची आवडती रायफल होती विंचेस्टर 1895, पॉइंट 405. शुद्ध अमेरिकन कारखान्याचा माल, जॉन ब्राउनिंगच्या आराखड्याचा. अँडरसनच्या कथांवर आपण काय तो संशय घेऊ, रायफलीवर घ्यायचं कारण नाही.

आणि थिओडोर रूझवेल्ट. 1909 मध्ये तो आफ्रिकेत गेला तेव्हा तिन्ही जाती बरोबर होत्या. इंग्रज चाहत्यांनी भेट दिलेली हॉलंड अँड हॉलंडची दुनळी, पॉइंट 405 विंचेस्टर, आणि अमेरिकन सैन्याची स्प्रिंगफील्ड. स्प्रिंगफील्डचा सांगाडा सरकारी, पण दस्ता आणि माशी त्यानं स्वतःला हवी तशी करून घेतलेली. मला ही तिसरी रायफल सगळ्यात शहाणपणाची वाटते. रूझवेल्टची नजर अधू होती, चष्मा जाड. त्याला वेलबुट्टी नको होती. रायफल खांद्याला लावताच डोळा आपोआप माशीच्या रेषेत यायला हवा होता. दस्त्याची लांबी, त्याचा उतार, गाल टेकतो ती जागा, हे शरीराचं माप आहे. ते माप यंत्राला ठाऊक नसतं. यंत्र सरासरी माणसासाठी दस्ता करतं, आणि त्या सरासरी माणसाला अजून कोणी भेटलेलं नाही.

नेमाच्या बाबतीत मात्र यंत्रानं बाजी मारली, हे मान्य करायला हवं. ती सुरुवातीची फट आठवा. 1958 साली अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीनं मॉडेल 110 आणलं. त्यात नळी एका मोठ्या नटानं आवळतात. मापाचा ठोकळा आत घालायचा, नळी त्याला टेकेपर्यंत फिरवायची, नट आवळायचा. कानस नाही, काजळी नाही. 1962 ची रेमिंग्टन 700 घ्या. तिचा सांगाडा गोल नळकांड्यासारखा, कारण गोल वस्तू कातायला स्वस्त पडते. दिसायला साधी, पण नेम असा की अमेरिकन मरीन दलानं पुढे तिच्यावरूनच नेमबाजांची रायफल केली. आज स्वस्तातल्या कित्येक रायफलींबरोबर कंपनी शंभर यार्डांवर एक इंचात गोळ्या बसण्याची हमी देते.

कारखान्याला दोष द्यायचाच तर 1964 च्या विंचेस्टर मॉडेल 70 साठी द्या. 1936 पासूनची ही नावाजलेली रायफल. खर्च वाढला म्हणून कंपनीनं तिची मोठी नखी काढून टाकली. ही नखी काडतूस पेटीतून निघताच धरते, त्यामुळे घाईत, रायफल तिरकी असतानाही ते अडकत नाही. दस्त्यावर हात घसरू नये म्हणून जी जाळी कोरतात ती दाबून उमटवली. गिऱ्हाईक इतकं चिडलं, की आजही जुन्या मालाला '64 च्या आधीची' म्हणून वेगळा भाव आहे. आणि ती आधीचीसुद्धा कारखान्यातलीच होती, बरं का! यंत्र तेच होतं. बिघडवलं हिशेबनिसानं.

(एका श्रोत्याचा प्रश्न : 1972 च्या कायद्यानंतर आपल्याकडे शिकार बंद आहे. मग ही तुलना कशासाठी?)

चांगला प्रश्न. आपल्याकडे परवानाधारकांजवळ सरकारी कारखान्याची पॉइंट 315 रायफल पुष्कळ दिसते. तिला कोणी सुंदर म्हणणार नाही. पण मी सगळी चर्चा एका कसोटीवर लावतो, ती सांगतो. चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे दोन सुळे तुटलेले होते, वरचा अर्धा आणि खालचा पार हाडापर्यंत. कॉर्बेटनं लिहिलंय की ती जुन्या गोळीची जखम होती, आणि त्यामुळे तिला नेहमीची शिकार जमेना. तिच्या नावावर 436 माणसं आहेत. तिच्यावर ती पहिली गोळी कोणी झाडली, कसल्या बंदुकीतून, कुठेच नोंद नाही.

पुढचा प्रश्न घेऊ या.