आज्ञा आणि तिचे दर्शनी रूप

छापील पृष्ठाच्या प्रतिमेतून अक्षरे ओळखून काढणारी ‘टेसरॅक्ट’ ही आज्ञावली ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात घडली व २००५ साली सर्वांस खुली झाली. मराठीसाठी तिच्यात स्वतंत्र भाषाधार आहे. मात्र ती चालते आज्ञापंक्तीने, म्हणजे कमांड लाइनने. प्रतिमा कोणती, भाषा कोणती, पृष्ठाची मांडणी कशी समजावी, हे सारे टंकित शब्दांनीच सांगावे लागते. ‘जीइमेजरीडर’ने याच यंत्रणेला ग्राफिकल इंटरफेसचे दर्शनी रूप दिले.

या रूपाचे गुण मान्य केलेच पाहिजेत. पृष्ठ डोळ्यांसमोर राहते, हव्या त्या भागाभोवती चौकट आखता येते आणि निघालेला मजकूर शेजारीच ताडून दुरुस्त करता येतो. मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी बसून जुन्या ग्रंथाची संहिता सिद्ध करू पाहणाऱ्या अभ्यासकास हा लाभ लहान नव्हे.

तथापि सोय आणि आकलन या एकच गोष्टी नव्हेत. हिंदीत ‘ळ’ विरळा, ‘ऱ्ह’ तर नाहीच. मराठीऐवजी हिंदीचा भाषाधार निवडला गेला, तर ‘मोताळा’ आणि ‘वऱ्हाड’ हे शब्दच धोक्यात येतात. मांडणीच्या पर्यायांचेही तसेच. दोन स्तंभांचे पृष्ठ एकसंध मानले, तर डावी ओळ उजवीत मिसळते. आज्ञापंक्तीत हे निर्णय अक्षरशः लिहिलेले असतात. ती टिपून ठेवली की दुसरा संशोधक तेच काम पुन्हा पडताळून पाहू शकतो. खिडकीतील निवडी मात्र खिडकी मिटताच विस्मृतीत जातात आणि संहितेतील दोष यंत्राचा की निवडीचा, हे ठरविण्यास साधन उरत नाही.

हा दोष दर्शनी रूपाचा अटळ धर्म आहे असे मात्र नव्हे. आय.बी.एम.च्या ‘एआयएक्स’ प्रणालीतील ‘स्मिट’ या साधनात सूचीतून निवड केल्यावर ‘एफ ६’ कळ दाबली, की त्या निवडीतून सिद्ध होणारी आज्ञा समोर येते. तेथे सूची ही आज्ञेची जागा घेत नाही. ती आज्ञा शिकविते.

सारांश, अशा साधनांचे मूल्यमापन केवळ सुलभतेवर करणे अपुरे होय. वापरणाऱ्याच्या वतीने घेतलेला निर्णय ते त्याच्या हाती परत देते काय, हीच खरी कसोटी. संशोधनाच्या क्षेत्रात तरी या कसोटीस न उतरणारी सोय अखेर महागच पडते.