दूध शुद्ध, पण कशापासून?

शालेय विज्ञान प्रदर्शनात दुधातील भेसळीचा तक्ता हमखास असतो. आयोडीनचे दोन थेंब टाकले, निळा रंग आला नाही, म्हणजे पीठ नाही. दुग्धमापी ठरल्या खुणेपर्यंतच बुडाला, म्हणजे पाणी नाही. येथपर्यंत आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटच्या रकान्याबद्दल. तेथे 'दूध शुद्ध आहे' असे लिहिलेले असते.

गाईला कासदाह झाला (शेतकरी त्याला 'दगडी' म्हणतात), की सडातून पेनिसिलीनसारखे प्रतिजैविक सोडतात. त्याचा अंश पुढचे काही दिवस दुधात उतरतो. ते दूध किती दिवस विकू नये, हे औषधाच्या वेष्टनावर छापलेले असते. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार बेंझिलपेनिसिलीनची मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम आहे. दहा-दहा टनांचे शंभर टँकर भरले, तर त्या साऱ्यांत मिळून ४ ग्रॅम! दुग्धमापी घनतेचे तिसरे दशांशस्थळ वाचतो. येथे फरक नवव्या स्थळी पडेल. आयोडीनचा तर याच्याशी संबंधच नाही. दूध उकळले की ते नाहीसे होईल, असाही भरवसा नाही. उकळण्याने जंतू मरतात, औषध बरेचसे टिकते. पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्या माणसाला आणि औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंना एवढासा अंशही पुरू शकतो, म्हणून मर्यादा इतकी कडक.

हे ठाऊक असणारे काही उत्साही शिक्षक विरजणाची चाचणी सुचवतात: दही लागले नाही तर दुधात प्रतिजैविक आहे. कल्पनेला आधार आहे. दह्याचे जंतू पेनिसिलीनने मरतात, आणि चीज करणाऱ्यांना दुधातल्या औषधाचा पत्ता प्रथम विरजण बिघडल्यामुळेच लागला. पण जानेवारीच्या थंडीतही दही लागत नाही, दूध फार गरम असताना विरजले तरी लागत नाही, विरजण जुने असले तरी नाही. उलट, घरच्या विरजणात नाना जातींचे जंतू असतात. थोड्या औषधाला दाद न देता ते दही लावूनही टाकतील. शेजारी खात्रीच्या दुधाची दुसरी वाटी, तेच विरजण, तीच जागा, एवढी तुलनाही जेथे नाही त्याला आम्ही प्रयोग म्हणणार नाही.

खरी चाचणी याच तत्त्वावर, पण शिस्तीने चालते. नळीतल्या अगारमध्ये उष्णताप्रिय बॅसिलसचे बीजाणू आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा दर्शक असतो. त्यावर थोडे दूध घालून नळी सुमारे ६४ अंश सेल्सिअसला अडीच-तीन तास ठेवतात. जंतू वाढले तर आम्ल होते आणि जांभळा रंग पिवळा पडतो. रंग जांभळाच राहिला तर कशाने तरी जंतूंना अडवले आहे. 'कशाने तरी' हे शब्द महत्त्वाचे. आजारी कासेच्या दुधातले नैसर्गिक जंतुरोधक पदार्थही तसेच करू शकतात, म्हणून संशयित नमुना आधी तापवून पुन्हा तपासतात. पिवळा रंगही सर्वस्वी निर्दोष नव्हे. हा जंतू पेनिसिलीन गटाला फार हळवा आहे, एन्रोफ्लॉक्सासीनसारख्या क्विनोलोनांना नाही. त्यांच्यासाठी वेगळी, बहुधा महागडी तपासणी लागते.

आता आकडे पाहू. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने तपासले. भेसळीमुळे असुरक्षित ठरले १२. प्रतिजैविकांची मर्यादा ओलांडणारे ७७ निघाले, आणि चाऱ्यातल्या बुरशीतून येणाऱ्या अफ्लाटॉक्सिन एम-१ चे ३६८. आमची प्रात्यक्षिके मात्र अजून त्या बारांच्याच मागे आहेत.

७७ हा आकडाही जपून वाचावा. समजा, उपचार चालू असलेल्या एका गाईच्या दहा लिटर दुधात लिटरला १,००० मायक्रोग्रॅम औषध आहे. ते अडीच हजार लिटरच्या टाकीत मिसळले की प्रमाण बरोबर ४ वर येते, आणि टाकी थोडी मोठी असली तर नमुना उत्तीर्ण! शहरात पिशवी तपासून गोठ्यातले कळत नाही. तपासणी संकलन केंद्रावर, दूध एकत्र होण्यापूर्वी व्हायला हवी.

तेथे मात्र भाव ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर. वर्गाची सहल दूध केंद्रावर न्यायचीच असेल, तर मुलांना पावतीचे रकाने वाचायला सांगावे. दोन गाईंच्या धन्याने औषधाचे दूध चार दिवस ओतून दिले, तर त्याच्या खात्यावर तेवढ्या लिटरची तूट पडते. ज्याने ते केंद्रावर घातले, त्याला फॅटप्रमाणे पूर्ण पैसे मिळतात.