पीडीएफ आहे का?

कबनूरच्या आमच्या मित्रांचा एक ग्रुप आहे. त्यात क्रिकेट असतं, सुताचे दर असतात, कुणाच्या तरी लग्नाची तारीख असते आणि मधूनच एक मेसेज येतो: ‘भावा, मृत्युंजयची पीडीएफ असंल तर टाक की.’ दोन मिनिटांत कुणीतरी टाकतं. बऱ्याचदा तो मीच असायचो. ग्रुपमधला ‘सॉफ्टवेअरवाला’ मी, त्यामुळे शोधून देणं माझ्याकडेच. पुस्तक वाटणं म्हणजे पुण्याचं काम, असं मला मनापासून वाटायचं.

मग दोन गोष्टी घडल्या.

शेजारच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी फंडातले पैसे घालून आपल्या आठवणींचं पुस्तक काढलं. पाचशे प्रती. मी विकत घेतलं, एका रात्रीत वाचलं, इतकं आवडलं की मोबाइलवर स्कॅन करून ग्रुपवर टाकलं. तिथून ते कुठं कुठं गेलं. काही महिन्यांनी सर एका लग्नात भेटले. म्हणाले, ‘तुझ्यामुळं लई लोकांनी वाचलं बघ. फोन येतात. पण घरात अजून तीनशे प्रती हैत, त्यांचं काय करू?’ आवाजात राग नव्हता. मला ताटातलं जेवण गेलं नाही.

दुसरी गोष्ट एका वाचनालयातली. इथल्या मागांच्या धंद्यावरचं एक जुनं पुस्तक तिथल्या कपाटात आहे. पान उलटलं की कोपरा हातात येतो. लेखक वारले, प्रकाशन बंद पडलं, बाजारात प्रत नाही. माझे आजोबा आयुष्यभर माग चालवत होते. ते ज्या काळात इथं आले त्या काळाबद्दल इतकं तपशिलात दुसरीकडे मला काही मिळालेलं नाही. मी म्हटलं, स्कॅन करतो. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, ‘कॉपीराइट असतो ना? उगाच लफडं नको.’

म्हणजे ज्या पुस्तकाच्या प्रती विकायच्या होत्या ते फुकट गावभर फिरलं, आणि जे विकलंच जात नाही ते कॉपीराइटच्या नावाने कपाटात कुजतंय. डिजिटल ग्रंथालयांवरचे वाद मी तेव्हापासून वाचतोय. ‘चोर विरुद्ध प्रकाशक’ या मांडणीत आपला हा प्रश्न कुठंच बसत नाही, असं माझं मत झालंय.

सगळ्यात गाजलेला वाद अमेरिकेतला. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ कागदी पुस्तक स्कॅन करून उसनं द्यायचं. जितक्या कागदी प्रती हातात, तितक्याच वाचकांना एका वेळी. मार्च 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, त्यांनी ही मर्यादा काही आठवडे उठवली. जूनमध्ये चार मोठे प्रकाशक कोर्टात गेले. 2023 मध्ये निकाल विरोधात गेला आणि सप्टेंबर 2024 मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनी देण्याच्या यादीतून निघाली. गंमत अशी की कोर्टाने फक्त उठवलेली मर्यादा चुकीची ठरवली नाही; ‘एक प्रत, एक वाचक’ हा प्रकारही मान्य केला नाही.

इंजिनिअर म्हणून मला त्यातली अडचण कळते. कागदी पुस्तक दिलं की कपाटात जागा रिकामी होते. फाइल दिली की ती देणाऱ्याकडेही राहते. ‘उसनं’ हा शब्द खरा ठेवायला आपण कोडमध्ये कुलूप लिहितो, आणि कुलूप लिहिणाराच ते काढूही शकतो.

आपल्याकडे ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ झाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने लाखो पुस्तकं स्कॅन झाली, मराठीही भरपूर. पण कुठलं पुस्तक मुक्त आणि कुठलं नाही, याची चाळणी नीट झाली नाही, आणि कॉपीराइटच्या प्रश्नात ते संकेतस्थळ बंद पडलं. कार्ल मालामुद या कार्यकर्त्याने त्यातल्या चार लाखांहून अधिक पुस्तकांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर नेल्या, म्हणून आज त्या दिसतात. तिथं मराठी पुस्तक शोधून बघा. नावं रोमन लिपीत, स्पेलिंग मनाला येईल तसं. देवनागरीत टाइप केलंत तर समोर असलेलं पुस्तकही सापडत नाही.

आता कायदा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. आधी ही मुदत 50 होती. 1991 संपताना रवींद्रनाथ टागोरांचं साहित्य मुक्त होणार होतं, तेव्हा ती वाढवली गेली. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ 1 जानेवारी 2011 पासून सगळ्यांची आहे आणि विकिस्रोतवर बिनधास्त वाचता येते. कोल्हापूरचे वि. स. खांडेकर 1976 मध्ये गेले. ‘ययाति’ 2037 मध्ये मुक्त होईल. आपल्या आजऱ्याचे शिवाजी सावंत 2002 मध्ये गेले. ‘मृत्युंजय’साठी 2063 उजाडेल. ‘मृत्युंजय’ दुकानात मिळतं, त्यामुळे ते विकत घ्यावं किंवा वाचनालयातून आणावं, यात मला आता शंका नाही. प्रश्न दुकानात न मिळणाऱ्या पुस्तकांचा आहे.

आणि हक्क संपला की पुस्तक हातात येतं, असंही नाही. बाबासाहेब आंबेडकरांचं लेखन 2017 पासून कॉपीराइटमुक्त आहे. तरी 2021 च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाला ‘लोकसत्ता’च्या बातमीवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली. बातमीनुसार शासनाने बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या नऊ लाख प्रती छापायच्या ठरवल्या होत्या आणि चार वर्षांत छापल्या होत्या फक्त 33 हजार. तिथं आडवा कॉपीराइट आला नव्हता. काम पडून राहिलं होतं.

म्हणून माझी तक्रार प्रकाशकांइतकीच आपल्या वाचनालयांवर आहे, आणि माझ्यासारख्या पीडीएफवाल्यांवरही. कायद्याच्या कलम 52 मध्ये 2012 पासून स्पष्ट सोय आहे: नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे कागदी प्रत असेल, तर जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती करायला तर त्याच कलमात वेगळी मुभा आहे. ही फाइल ग्रुपवर टाकता येणार नाही, पण पुस्तक मरणार नाही. लेखक हयात नसेल किंवा सापडत नसेल तर पुनर्प्रकाशनाच्या परवान्यासाठी कलम 31अ आहे. त्यासाठी आधी वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी लागते. गावातल्या वाचनालयाला हा खर्च कसा झेपणार? हे काम शासनाने एकत्र करायला हवं. ज्या कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये, देशात सर्वांत आधी, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तिथून ही मागणी होणं शोभून दिसेल.

मी कलम 52 छापून मॅडमकडे नेलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, अध्यक्षांना फोन केला आणि म्हणाल्या, ‘रविवारी ये.’

आता आम्ही तिघंजण रविवारी जातो. मोबाइलचा स्टँड, एक टेबल लॅम्प, पानाखाली काळा कागद. फाइल वाचनालयाच्याच हार्ड डिस्कवर राहते, नाव देवनागरीत. यादीत दाखल क्रमांकाशेजारी दोन रकाने वाढवलेत: ‘लेखकाचं निधन’ आणि ‘मुक्त कधी’. मागांवरच्या त्या पुस्तकापुढे 1 जानेवारी 2051 लिहिलंय. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली असेल.

सरांकडून मी दहा प्रती विकत आणल्या. ग्रुपवर त्यांचा नंबर टाकला आणि लिहिलं, पीडीएफ मागू नका, पुस्तक मागा. आतापर्यंत चौदा जणांनी मागवलंय. बाकीच्यांनी अंगठा दाखवलाय.