दुर्मिळ पक्षिग्रंथ आणि त्यांचे मोल

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे घरातील सामानापैकी पहिली गदा पुस्तकांवर येते, हा आपणां नोकरदारांचा अनुभव आहे. त्यातही रंगीत पक्षिचित्रांचे अवाढव्य ग्रंथ पेटीत बसत नाहीत नि अंगाखांद्यावर वाहताही येत नाहीत. तरीही मर्यादित प्रतींच्या अशा ग्रंथांचा नाद काही रसिकांना असतो. त्यांचे खरे मोल कशात मानावे, हा प्रश्न अभनपुरच्या मुक्कामात प्रस्तुत लेखकास वारंवार पडला.

बाजाराचे उत्तर सोपे आहे : दुर्मिळता. ऑडुबॉन यांच्या ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ (१८२७-३८) या ४३५ चित्रांच्या ग्रंथाचे सुमारे दोनशेच संच निघाले. त्यांतील एक २०१० साली लंडनच्या लिलावात सत्तर लाख पौंडांहून अधिक किमतीस गेला. परंतु या आकड्यावरून किती संच उरले याचा अंदाज येतो; चित्र किती खरे उतरले, हे त्यावरून कळत नाही.

आपल्याकडील पक्ष्यांपुरते पाहावयाचे तर जॉन गूल्ड यांचा हिमालयातील पक्ष्यांवरचा ग्रंथ (१८३२) आद्य मानावा लागेल. त्यातील ऐंशी चित्रे त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी शिळेवर उतरवली. पिसान्‌पीस नाजूक आहे, रंगही मोहक आहेत. पण या दांपत्याने हिमालय पाहिला नव्हता. समोर होती ती हिंदुस्थानातून गेलेली कातडी. म्हणूनच यातील पुष्कळ पक्षी फांदीवर बसलेले नसून बसवलेले वाटतात. उलट, मद्रासेकडील लष्करी शल्यवैद्य जेर्डन यांनी १८४३ ते १८४७ या काळात प्रसिद्ध केलेल्या पन्नास चित्रांच्या ग्रंथाकरिता येथील चित्रकारांचा हात लाभला. सफाईत तो गूल्डच्या मागे असेल. पण हे पक्षी ज्या उन्हात वावरतात, ते ऊन त्या चित्रकारांच्या परिचयाचे होते.

ह्यूम हे तर मुलकी अधिकारी. मार्शल यांच्यासह त्यांनी शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड काढले (१८७९-८१). मजकूर अनुभवसमृद्ध, चित्रे मात्र इतकी निराशाजनक की त्याची खंत खुद्द ह्यूमना वाटली. पुढे त्यांची पंचवीस वर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते सिमल्याच्या घरातून चोरीस गेली आणि रद्दीच्या भावाने विकली गेली. चित्रांचे खंड आज संग्राहकांच्या कपाटांत सुखरूप आहेत. निरीक्षणे मात्र पुड्या बांधण्यास गेली. जतन कशाचे करावे, याविषयी याहून कठोर धडा कोणता?

मराठीत या परंपरेचे खरे वारस मारुती चितमपल्ली होत. हेही सरकारी नोकर. वनखात्यात त्यांची हयात गेली. त्यांचा ‘पक्षिकोश’ लिलावाची वस्तू नव्हे. पण पक्ष्याला आपल्या भाषेतले नाव देण्याचे जे काम तो करतो, ते गूल्डच्या ऐंशी चित्रांनाही साधणारे नाही.

पावसाळ्यात इकडील तळी कमळांनी भरतात आणि लांब शेपटीचा कमळपक्षी पानांवरून चालू लागतो. अंडी उबवतो तो नर. त्याची ती हलकी पावले टिपणारे चित्र अद्याप आमच्या पाहण्यात नाही. मात्र नाव ठाऊक असल्याने त्याची ओळख पटते.

एका परिचितांच्या दिवाणखान्यात जुन्या ग्रंथातून कापलेले एक पान सोनेरी चौकटीत पाहिले. त्या पक्ष्याचे नाव घरात कोणासही सांगता आले नाही. संग्रहाची याहून मोठी विटंबना नाही. गूल्डची चित्रे आज संगणकावर कोणासही पाहता येतात. तेव्हा केवळ मालकीचा अभिमान आता पोकळच. ज्यांच्याजवळ असे ग्रंथ अखंड असतील, त्यांनी पुढील बदलीपूर्वी ते परमुलखातील एखाद्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रंथालयात ठेवावेत, आणि शेजारी ‘पक्षिकोश’ही असू द्यावा, एवढीच विनंती.