वकिलीचा उंबरठा आणि क्रियापदाचे लिंग

वकिली हा वाणीचा व्यवसाय आहे. न्यायालयात पक्षकाराविषयी बोलले जाते. बोलण्याचा अधिकार मात्र वकिलाकडे असतो. तृतीयपंथी व्यक्तींचा भारतीय न्यायव्यवस्थेशी आलेला संबंध आजवर मुख्यतः पक्षकाराच्या नात्याने आलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी आपले लिंग स्वतः ठरविण्याचा त्यांचा हक्क मान्य केला, त्या प्रकरणात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी हस्तक्षेपकर्त्या पक्षकार होत्या. अशा समाजातील व्यक्ती जेव्हा सनद घेऊन उभी राहते, तेव्हा ती बोलण्याच्या विषयपदावरून बोलणाऱ्याच्या पदावर येते. या स्थित्यंतरात मराठी भाषा तिला साहाय्य करते की अडविते, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो आणि त्याचा विचार सहसा होत नाही.

शब्दाच्या लिंगावरून वकिलीचे दार बंद होण्याचा प्रसंग आपल्याकडे पूर्वी येऊन गेला आहे. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने फेटाळला, तो १८७९ च्या कायद्यातील 'व्यक्ती' या शब्दात स्त्री येत नाही, असा अर्थ लावून. पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो, हा अर्थनिर्णयाचा सामान्य नियम तेथे कामी आला नाही. नाशिक येथे जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली; पण सनदेसाठी त्यांना जवळजवळ तीन दशके थांबावे लागले. अखेर १९२३ च्या कायद्याने स्त्रियांवरील ही अनर्हता दूर झाली.

तृतीयपंथी व्यक्तींच्या बाबतीत कायद्याच्या अक्षरात असा अडसर नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने सनदेसाठी नागरिकत्व, एकवीस वर्षे वय, कायद्याची पदवी अशा अटी घातल्या. लिंगाची अट त्यांत घातली नाही. तरीही तमिळनाडूत सत्यश्री शर्मिला यांची वकील म्हणून नोंद झाली ती ३० जून २०१८ रोजी. लोकन्यायालयाच्या मंडळावर पश्चिम बंगालमध्ये २०१७ साली जोयिता मंडल आणि नागपुरात २०१८ साली विद्या कांबळे यांना स्थान मिळाले. अधिनियम आणि या घटना यांच्यामध्ये पन्नासहून अधिक वर्षांचे अंतर आहे. त्याची सामाजिक कारणे उघड आहेत: घर सुटणे, शिक्षण तुटणे, उपजीविकेचे मार्ग आखडणे. परंतु या कारणांच्या जोडीला एक भाषिक कारणही आहे, आणि ते उंबरठ्यावरच भेटते.

मराठीतील प्रतिज्ञापत्राचे रूढ वाक्य पाहावे. 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो/देते की' असा त्याचा आरंभ होतो आणि लिहिणाऱ्याने यांपैकी एक रूप खोडावयाचे असते. अर्जाच्या रकान्यात आता 'इतर' हा तिसरा पर्याय छापलेला आढळतो. क्रियापदे मात्र दोनच राहिली आहेत. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पदवीपत्रावर तेच नाव आणि ओळखपत्रावर दुसरे, अशा स्थितीत ही खोडण्याची क्रिया केवळ औपचारिक राहत नाही. सत्य सांगण्याच्या प्रतिज्ञेतील पहिलेच क्रियापद कागदपत्रांशी विसंगत ठरण्याचा धोका तीत असतो. २०१९ च्या अधिनियमाने ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची रीत घालून दिली, ती या विसंगतीवरील उपाय म्हणून. पण प्रमाणपत्राने नाव आणि लिंग यांची नोंद बदलते, छापील वाक्याची रचना बदलत नाही.

मराठीत तिसरे लिंग आहेच, तेव्हा नपुंसकलिंगाने ही अडचण सुटावी, असे कोणी सुचवील. ही सूचना वरवर शास्त्रीय वाटली तरी ग्राह्य नाही. माणसाच्या संदर्भात मराठी नपुंसकलिंग मूल, लेकरू, पोर यांना वापरते. प्रौढाला ते वापरले तर त्यात बहुधा तुच्छता किंवा कीव येते. व्याकरणातील लिंग आणि व्यक्तीने स्वतःविषयी केलेला निर्णय ही भिन्न तत्त्वे आहेत. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथील प्रकरण या दृष्टीने बोधप्रद आहे. स्त्रियांसाठी राखीव जागेवर एका तृतीयपंथी उमेदवाराने भरलेला अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २ जानेवारी २०२१ रोजी तो निर्णय रद्द केला. त्या उमेदवाराला तिसरे पद नको होते. स्त्री म्हणून उभे राहावयाचे होते.

दोष मग मराठी व्याकरणाचा म्हणावा काय? तसेही म्हणता येत नाही. भोसरीसारख्या औद्योगिक वस्तीत, जेथे सातारा, कोल्हापूर, मराठवाडा, खानदेश आणि विदर्भ येथून आलेली माणसे एकाच आळीत राहतात, तेथे याचे प्रत्यंतर सहज मिळते. कोल्हापूरकडची स्त्री 'मी येतो' म्हणते, आणि तेवढ्यावरून तिच्या स्त्रीत्वाविषयी कोणालाही शंका येत नाही. सकर्मक भूतकाळात तर बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदावर उमटतच नाही: 'मी अर्ज केला', 'मी सही केली' ही वाक्ये कोणाच्याही तोंडी तशीच राहतात. साक्षीपुराव्याचा फार मोठा भाग अशाच वाक्यांचा असतो.

वकिलाची भाषा याहूनही पुढे गेलेली आहे. 'अर्जदारातर्फे', 'आमच्या अशिलाचे म्हणणे असे की', 'निवेदन करण्यात येते की' ही तिची नित्याची रूपे होत. त्यांत बोलणाऱ्याचे लिंग कोठेच येत नाही. नावामागे लागणारे 'अ‍ॅड.' हे उपपद 'श्री.' आणि 'श्रीमती' यांच्याप्रमाणे लिंग सांगत नाही. म्हणजे व्यवसायाच्या आत मराठी बरीचशी लिंगनिरपेक्ष आहे आणि त्याच्या दारात मात्र ती लिंगाचा दाखला मागते. ही विसंगती भाषेच्या स्वभावातून आलेली नाही. ती नमुन्यांच्या छपाईतून आलेली आहे.

वाङ्मयाने या कोंडीतून वाट काढली आहे. वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेल्या लक्ष्मी यांच्या आत्मकथनाचे (२०१२) शीर्षक 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' असे आहे. 'हिजडा' हे पुल्लिंगी नाम आणि 'लक्ष्मी' हे स्त्रीलिंगी नाम एकाच 'मी'ला जोडले गेले आहे, आणि दोन्हींत क्रियापद नाही. क्रियापदाच्या अभावामुळेच ही दोन विधाने शेजारी शेजारी नांदू शकतात. शीर्षकाचे हे सामर्थ्य आहे, तशीच ही त्याची मर्यादाही आहे. आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर क्रियापद गाळता येते. प्रतिज्ञापत्रात ते गाळता येत नाही, कारण प्रतिज्ञा ही क्रिया आहे. म्हणून वाङ्मयीन युक्तीवर न थांबता दस्तऐवजाच्या भाषेकडेच वळावे लागते.

तेथे उपाय नव्याने घडविण्याची गरज नाही. जुन्या खरेदीखतांत 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत आणि दोन्ही लिंगनिरपेक्ष आहेत. 'लिहून देणार यांचे सत्यप्रतिज्ञेवर निवेदन असे की' हे वाक्य कोणत्याही कारकुनाला परके वाटणार नाही, त्याच्या कायदेशीर अर्थालाही बाध येत नाही आणि कोणालाही काही खोडावे लागत नाही.

भोसरी ज्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत येते, तिने २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षकाचे काम दिले. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु संस्थेच्या दारावर उभे राहणे आणि दाराच्या आत युक्तिवाद करणे यांत जे अंतर आहे, ते केवळ नेमणुकांनी भरून निघत नाही. ते अंतर काही अंशी एका तिरक्या रेषेचे आहे: 'देतो' आणि 'देते' यांच्या मधल्या.